बिडाची कील आणि गोडं पाणी

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यावर तुमचं गाव. मुंबईहून तुम्ही १७ फुटांची, ३० एक वर्षं जुनी फायबरची शिडाची बोट आणली. तिला वरखाली होणारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कील आहे. कील म्हणजे तळाखालचं वजनदार पातं. कीलवर गंजाचे फोड आलेत, पुढची कड खाली उडाली आहे, एका जागी भेगेसारखी रेघ दिसते आणि वरची पिन खुळखुळते. विकणाऱ्याने सांगितलं की तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (शिंपले-कालवं चिकटू न देणारा) आणि लोखंडाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा लावा. गावचा वेल्डिंगवाला म्हणतो, भेगेत वेल्डिंग मारू, लांबी (पुट्टी) भरू, रेड ऑक्साइड मारू, दोन दिवसांत काम खतम. पोळ्यापर्यंत बोट पाण्यात हवी. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही ऐकू नका. विकणारा सांगतो ते समुद्रासाठी बरोबर आहे आणि वेल्डिंगवाला सांगतो ते घराच्या गेटसाठी बरोबर आहे. तुमची कील गोड्या पाण्यात, तीही महिनोन्‌महिने बुडून राहणार. मी २२ वर्षं मुंबईत भाऊच्या धक्क्याच्या बाजूला बोटदुरुस्ती केली आणि आता गावी येऊन तेच करतो. इथे परत आल्यावर पहिली दोन वर्षं मी समुद्राचीच कृती तलावावर चालवत होतो, त्यामुळे कुठे फसतं ते चांगलं माहीत आहे.

आपल्याकडे या कामाचा जाणकार सापडत नाही त्याचं कारण साधं आहे. इथले मासेमार ढिवर, त्यांच्या डोंग्याला कील राहतच नाही. चपटा तळ, दोन हात पाण्यातही सरकतो, बांबूने रेटायचा. शीड लावलं की मात्र वारा बोटीला आडवा ढकलतो, आणि ती आडवी सरकू नये, कलंडू नये म्हणून खाली वजनदार पातं लागतं. कोकणातले जुने सुतार नावेच्या तळातल्या कण्याला पठाण म्हणत. तुमची कील तसा कणा नाही. ती पिनेवर झुलणारं पातं आहे, बोटीच्या तळातल्या पेटीतून खाली उतरतं आणि तारेने वर ओढलं जातं. म्हणून रंगाइतकंच महत्त्व पिनेला, तारेला आणि पेटीला आहे.

आधी वजन काढा, हात लावण्याआधी. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा, आलेल्या घनफळाला ७.२ ने गुणा, की ग्रॅम मिळतात. समजा १२० बाय ३५ बाय ३, म्हणजे १२,६०० घन सेंटिमीटर, म्हणजे ९० किलोच्या आसपास. धानाचं मोठं पोतं समजा, पण पोतं पायावर पडलं तर पाय सुजतो आणि हे पडलं तर बोटं जातात. तार सैल केली की कील पिनेवरून झपकन खाली येते. पेटीत हात घालून "काय अडकलं ते पाहतो" असं कोणी करू नये, तुमच्या पोरांनी तर नाहीच.

मुंबईत बोट क्रेनने उचलायचो. गावात उलटं करा. बोट उचलू नका, जमीन खाली न्या. विटांच्या दोन भक्कम ओट्यांवर सालाच्या जाड बल्ल्या टाका, त्यांवर बोट अशी बसवा की भार आतल्या आडव्या भिंतींखाली येईल, नुसत्या पत्र्यासारख्या तळावर नाही. मधे कीलच्या रेषेत तीन-साडेतीन फूट खोल खड्डा काढा, त्यात ट्रॅक्टरचं जुनं टायर टाका. चेन कुप्पीने (वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीने) कील धरून ठेवा, पिन ठोकून काढा आणि हळूहळू टायरवर उतरवा. कुप्पी आंब्याच्या फांदीला टांगू नका, ती फांदी न सांगता मोडते. पाइपांचं तिकाटणं करा.

कील बाहेर आली की वेल्डिंगवाल्याच्या गोष्टीकडे वळू. आधी हे बीडच आहे की लोखंडी जाड पत्रा, ते पक्कं करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अंधारून आल्यावर ग्राइंडर एका कोपऱ्याला क्षणभर टेकवा. पत्र्याच्या ठिणग्या लांब आणि पिवळ्या-पांढऱ्या उडतात, दिवाळीच्या फुलबाजीसारख्या. बिडाच्या ठिणग्या आखूड, मंद लालसर राहतात आणि हातभर जाण्याआधी विझतात. ड्रिल लावलं तर पत्र्याची कुरळी शेव निघते, बिडाची काळी भुकटी. बीड निघालं तर साधी वेल्डिंग रॉड लावू देऊ नका. बिडात कार्बन जास्त. एका जागी तापून ते झटक्यात थंड झालं की जोडाच्या बाजूलाच कडक होऊन तडकतं. आज एक भेग, उद्या तीन. निकेलची रॉड, आधी सगळा तुकडा तापवणं आणि मग राखेत किंवा वाळूत सावकाश निववणं, असं करणारा कारागीर भेटला तर वेगळी गोष्ट. पण बहुतेक वेळा ती भेग नसतेच. ओतकामातली जुनी रेघ असते किंवा गंजाची चर. हातोडीने हलकं ठोकून ऐका. अखंड बीड खणखणतं, तडकलेलं भद्द वाजतं. भद्द वाजलं आणि रेघ पिनेच्या भोकापर्यंत गेली असेल तर रंगाचा विचार सोडा, कील नवी ओतून घ्या.

आता गंज. तुमच्या फोटोत फोड दिसतात ते वरवरचे आहेत की खोलवर, हे छिन्नी मारल्याशिवाय कळत नाही. बिडाची एक खोड आहे. समुद्रात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं लोखंड झिरपून जातं आणि आतला ग्रॅफाइट जागीच राहतो. वरून आकार तसाच दिसतो, पण ती जागा काळी, मऊ पडते. एकदा एक कील मी धुतली तेव्हा गुळगुळीत, ठणठणीत दिसली. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोराने खिशातली चाकू टोचली तर ती दोन मिलिमीटर आत गेली. पोरगा म्हणाला, "काका, हे तर पेन्सिलीसारखं सुटून रायलं." बरोबर बोलला, ती पेन्सिलच होती. असा मऊ भाग सगळा खरवडून राखाडी चमक दिसेपर्यंत जायचं. त्यावर कितीही भारी रंग लावा, रंग ग्रॅफाइटला चिकटतो आणि ग्रॅफाइट कशालाच चिकटलेला नसतो.

खरवडण्याआधी मात्र खाली ताडपत्री अंथरा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. बोट मुंबईची आहे, जुन्या रंगात तांबं हमखास असणार. काही जुन्या अँटिफाउलिंगमध्ये कथिलाचं विषारी संयुगही असायचं, जहाजांवर त्याची बंदी जगभर लागू झाली ती २००८ मध्ये. पोपडे ओले करून खरवडा, गोळा करून डब्यात बंद करा. तलावाकाठी धुऊ नका आणि उकिरड्यावर तर अजिबात टाकू नका. गुरं रंगाचे पोपडे चाटतात. एका गावात वासराचं काय झालं ते मी पाहिलं आहे, सांगत बसत नाही.

सँड ब्लास्टिंग मिळालं तर उत्तम. नागपूरजवळ हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत ते करणारे आहेत. फोन करून कील टेम्पोत घालून न्या. त्यांना साध्या रेतीऐवजी कॉपर स्लॅग किंवा स्टील ग्रिट वापरायला सांगा, रेतीची धूळ मारणाऱ्याच्या फुप्फुसात बसते. आणि निघण्याआधी त्यांच्याच शेडमध्ये इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात मारून घ्या. उघडं बीड घेऊन पवनीपर्यंत आलात तर रस्त्यातच त्यावर नारंगी झाक चढते. नाहीच जमलं तर घरी छिन्नी, मग ग्राइंडरला वायर कप, मग ४० नंबरचा फ्लॅप डिस्क. नुसता वायर ब्रश गंज काढत नाही, घासून चकाकवतो. लोक फसतात ते तिथेच.

यापुढची एक पायरी सगळे गाळतात. समुद्रातलं मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांत दडून बसलेलं असतं आणि ते ग्राइंडरने निघत नाही. घासून झाल्यावर बोअरच्या पाण्याने नाही, पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने जोरात धुवा, उन्हात वाळवा आणि रात्रभर तशीच उघडी ठेवा. सकाळी पाहा. सगळीकडे सारखी फिकट झाक असेल तर ठीक. मधेमधे गर्द तपकिरी ओलसर ठिपके दिसले तर तिथे मीठ आहे, हवेतला ओलावा ते ओढून घेतं. पुन्हा घासा, पुन्हा धुवा. मी तीन-तीन रात्री असं केलं आहे. हे टाळलं तर वर्षाच्या आत नेमक्या त्याच ठिपक्यांवर फोड येतात आणि माणूस रंगाच्या कंपनीला शिव्या घालतो.

रस्ट कन्व्हर्टर लावू का, असं तुम्ही विचारलंय. त्यात बहुधा टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असतं. टॅनिकचा प्रकार आपल्या आजोबांनाही माहीत होता. हिरड्याचं पाणी लोखंडाला लागलं की काळं पडतं, त्यातूनच पोथीची शाई व्हायची. ज्या खड्ड्यात ग्राइंडर पोचत नाही तिथे ते चालेल. पूर्ण कीलवर थापून "आता गंज संपला" समजू नका. फॉस्फरिकवालं लावलंत तर वाळल्यावर पाण्याने धुतल्याशिवाय इपॉक्सी लावू नका, नाहीतर इपॉक्सीची पकड सुटते.

रेड ऑक्साइड आणि वरून सिंथेटिक इनॅमल, हे दारा-खिडक्यांचं काम. बुडालेल्या लोखंडावर पाणी त्या थरातून झिरपतं, थर फुगतो आणि साप कात टाकतो तसा निघतो. इपॉक्सीच लागतं, दोन डब्यांचं. धरणाच्या दरवाजांना आणि पाइपलाइनींना काळं कोल टार इपॉक्सी मारतात, गोसेखुर्दच्या ३३ दरवाजांच्या धरणाशेजारी राहता म्हणजे नाव ऐकलं असेल. ते टिकतं खूप आणि स्वस्त पडतं. पण त्यात डांबर आहे. ज्या पाण्यातून गावाची नळयोजना चालते त्यात मी ते बुडवत नाही, आणि त्यावर फिकट रंग दिला तर पिवळट डाग वर येतात. हाय बिल्ड, म्हणजे जाड थर बसणारं, इपॉक्सी घ्या. दोन्ही बाजू मिळून तुमची कील एक चौरस मीटरही भरत नाही, पाच हातांना लिटरभर पुरतो. पंचाईत अशी की डबे मोठेच मिळतात. एखाद्या पाइपलाइनच्या ठेकेदाराकडचा उरलेला डबा चालेल, फक्त मुदत पाहा आणि दोन्ही भाग एकाच जोडीचे आहेत ना ते पाहा. हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा दुसरा भाग, डब्यावर लिहिलंय तेवढाच, मोजून. "लवकर वाळावं म्हणून थोडा जास्त" हे लांबीच्या क्रीमला थोडंफार चालतं. इपॉक्सीला जास्तीचा हार्डनर मऊ, चिकट ठेवतो, कायमचा.

लांबीचंही तेच. मोटारीची पॉलिएस्टर लांबी टॅल्क पावडरची असते आणि पाणी पिते. क्रम असा ठेवा: उघड्या बिडावर प्रायमरचे दोन हात, त्यावर इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ गोळ्यांची बारीक भुकटी) मिसळून श्रीखंडाइतकी घट्ट लांबी, घासून सपाट, मग पुन्हा इपॉक्सीचे तीन हात. लांबी थेट लोखंडावर भरली तर लोखंड आणि लांबी यांच्यामधून पाणी चालत जातं. घासायला हातभर लांब ॲल्युमिनियमची सेक्शन पट्टी घ्या, तिला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि तिरका, आडवा-उभा हात फिरवा. छोट्या ठोकळ्याने घासलं तर ठोकळा खळग्यात शिरतो आणि खळगा तसाच राहतो. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्याला न दिसणारी लाट तळहाताला लगेच लागते.

उडालेली पुढची कड नुसत्या लांबीने भरू नका. आपल्या जलाशयाच्या तळाशी बुडालेल्या शेतांचे बांध आहेत, मोहा-पळसाची ठुठं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती पाण्याखाली हातभरच उरतात. कील झुलती असल्याने ठोकर बसली की मागे सरकते, बोट वाचते, पण कड प्रत्येक वेळी मार खाते. लांबीचा आकार झाल्यावर कडेवर फायबर क्लॉथच्या दोन पट्ट्या इपॉक्सीत भिजवून गुंडाळा, एक ४ इंचांची, तिच्यावर एक ६ इंचांची.

आता हवामान, कारण तुमच्या पोळ्याच्या मुदतीने मला धडकी भरली आहे. काम आत्ता सुरू करा, होळीच्या आधी. इपॉक्सीचं मिश्रण साधारण दर १० अंशांना निम्म्या वेळात संपतं. २५ अंशांना अर्धा तास टिकणारं ३५ ला पाव तास आणि ४५ ला सात-आठ मिनिटं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, एका दुपारी मी अर्धा लिटर मगात कालवलं आणि फोन घ्यायला वळलो. परत आलो तर मगातून धूर, प्लास्टिक वितळून खाली सांडलेलं आणि ब्रश त्यात खांबासारखा उभा. उन्हात काम करावंच लागलं तर पहाटे पाचला सुरुवात, एका वेळी चहाच्या कपाएवढंच मिश्रण, आणि ते मगात न ठेवता परातीत पसरून ठेवा म्हणजे तापत नाही. उन्हात ठेवलेल्या लोखंडाला हात टेकवत नाही, त्यावर रंग लावला तर आतलं थिनर उकळून टाचणीएवढी भोकं पडतात.

मृग लागल्यावर उलटा त्रास. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखी तेलकट साय येते. तिच्यावर तसाच पुढचा हात दिला तर थर पत्र्यासारखा सुटतो. साय पाण्याने आणि स्क्रबरने धुवायची, मग घासायचं. आधी घासलं तर ती आत चोळली जाते. आणि बीड हवेपेक्षा थंड असलं तर त्यावर न दिसणारं दव बसतं. श्वास सोडून पाहा, वाफेचा डाग चटकन उडत नसेल तर ब्रश खाली ठेवा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेलं अंतर पाळा. ते उलटून गेलं, मधे लग्न निघालं वगैरे, तर ८० नंबरने खरबरीत केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तांब्याच्या रंगाचं राहिलं. तो शिंपले-कालवं चिकटू नयेत म्हणून. खाऱ्या पाण्यात ती इतकी बसतात की बोट बैलगाडीसारखी चालते. तुमच्या जलाशयात बसणार ते शेवाळ, आणि ते पोत्याच्या तुकड्याने पुसून निघतं. तांबं पाण्यात सुटतं आणि माशांना बाधतं. त्या पाण्यावर ढिवरांच्या संस्थेचा मासेमारीचा ठेका असेल, त्यांच्या बिजाईच्या (मत्स्यबीजाच्या) दारात विष नेऊ नका. शिवाय लोखंडावर तांब्याचा रंग आणि मधे कुठे ओरखडा, म्हणजे लोखंड आणखी जोरात खातं. जस्ताचा तुकडा समुद्रासाठी. गोड्या पाण्यातून वीज कमी वाहते, तिथे जस्त सुस्त पडतं, मॅग्नेशियमचा लागतो. रंग अखंड असेल आणि बोट दर हंगामात वर काढणार असाल तर मी तोही लावत नाही.

पिनेचं भोक अंडाकृती झालं असणार, म्हणून खुळखुळ. भोक मोठं करून गोल करा आणि त्यात बूश बसवा. भंडाऱ्यात पितळेचं काम चांगलं होतं म्हणून पितळी बूश घ्यायचा मोह होईल. पितळातलं जस्त पाण्यात हळूहळू निघून जातं आणि उरतं ते भुसभुशीत. गनमेटल किंवा सरळ नायलॉनचा बूश लेथवाल्याकडून करून घ्या, पिन ३१६ स्टेनलेसची. तार पाहताना चिंधी लावून हात फिरवा. एक जरी काडी टोचली तर तार बदला.

आणि सगळ्यात आधी, म्हणजे लांबी भरण्याच्याही आधी, पेटीच्या फटीची रुंदी मोजून कुठेतरी लिहून ठेवा. गावी आल्यावरच्या पहिल्याच कीलला मी मन लावून लांबी भरली, काचेसारखी केली. बोट पाण्यात सोडली, कील अर्धी उतरली आणि अडकली. वर येईना, खाली जाईना. बोट ट्रॉलीवर चढेना कारण खाली दीड फूट पातं लोंबतंय. चौघांनी छातीभर पाण्यात उभं राहून लाथा घातल्या तेव्हा ती सुटली. काठावरच्या आजीबाई म्हणाल्या, "बाप्पा, डोंगा बरा." दोन्ही बाजूंना मिळून चार मिलिमीटर मी वाढवले होते. कोरड्यावर, खड्ड्यावरच, कील दहा वेळा वरखाली करून पाहा. दोन्हीकडे निदान तीन-तीन मिलिमीटर मोकळे हवेत.

शेवटचा हात पांढरा द्या. तुमच्या मुलीला निळा हवा आहे तर तो पाण्याच्या रेषेवर, बोटीच्या अंगाला. पांढऱ्यावर गंजाचा पहिला तांबूस ओघळ लांबूनच दिसतो, आणि तेव्हा बोटाएवढी जागा खरवडून भागतं. कील पूर्ण खाली असेल तेव्हा तारेवर विंचजवळ लाल दोरा बांधा. पाण्यात ती दिसणार नाही, दोऱ्यावरूनच कळेल की खाली किती उतरली आहे.

मीठ धुऊन रात्रभर ठेवल्यावर सकाळी निघालेल्या ठिपक्यांचा फोटो पाठवा. तो पाहिल्याशिवाय प्रायमर उघडू नका.